बाटलीवरची पिल्लं

तेजूताई आफ्रिकेहून आल्या त्या गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, आणि तसल्याच बुटांनिशी थेट माजघरात शिरल्या. आवडाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कांचन चिमीला कडेवर घेऊन दाराआड उभी होती. तिनं आधी बूट पाहिले, मग बुटांबरोबर आलेली माती पाहिली, आणि चिमीचे रांगायचे दिवस म्हणून मुकाट्यानं फडकं आणायला गेली.

नणंद वयानं चार वर्षांनी लहान. पण या घरात नणंदेला 'तुम्ही' म्हणायची रीत, म्हणून तेजस्विनीच्या तेजूताई झाल्या. कैलास आणि कांचनचं बिऱ्हाड संभाजीनगरात, हर्सूलकडं. सासू-सासरे गंगापूरजवळच्या शेतवस्तीवर. तेजूताईंचा मुक्काम जिथं रेंज असेल तिथं.

गेल्या कशाला होत्या? तर सेवेला.

घरच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. शेणाची पाटी उचलायची म्हटली की तेजूताईंना शिंका यायच्या. आणि सिंहांच्या पिंजऱ्यातली घाण काढायला त्याच बाई समुद्र ओलांडून गेल्या. तिथं म्हणे देशोदेशीच्या अशाच पोरी आल्या होत्या. त्यांच्या घरचं शेणही त्यांच्या आयाच काढत असणार. सकाळी पिंजरे धुवायचे, पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचं, आणि दुपारी जवळच्या वस्तीतल्या शाळेत जाऊन पोरांना हात कसे धुवायचे ते शिकवायचं.

"त्या पोरांना हात धुता येत नव्हते?" कांचननं विचारलं होतं.

"येत होते ना वहिनी. आधीच्या बॅचनं शिकवलेलं."

"मग तुम्ही काय शिकवलं?"

"रिव्हिजन," तेजूताई म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही.

शाळेला एक भिंत होती. आधीच्या बॅचनं ती निळी रंगवली होती, तेजूताईंच्या बॅचनं पिवळी केली, आणि पुढच्या पोरी तिच्यावर हत्ती काढणार होत्या. भिंतीला हात असते तर तिनं ते टेकले असते.

फोटो मात्र झकास होते. मांडीवर सिंहाचं पिल्लू, पिल्लाच्या तोंडात बाटली, तेजूताईंच्या केसात रानफूल, आणि खाली लिहिलेलं, 'आज मी आई झाले.' जिचे चिमीच्या वेळचे टाके अजून थंडीत ठणकायचे त्या कांचननं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि फोन पालथा घातला.

सासरे बद्रीनाथ मात्र गंगापूरच्या बाजारात छाती काढून फिरत. चहाच्या टपरीवर बसायची खोटी, "आमची पोरगी सिंव्हाला दूध पाजून आली. सिंव्हाला! तुमच्या पोरांनी बोकड तरी पाजलं का?" ऐकणारे माना डोलवत. फुकटचा चहा प्यायचा म्हटल्यावर मान डोलवायला काय जातं?

जानेवारीत ज्वारी हुरड्यावर आली तशी तेजूताईंनी शहरातल्या मित्रमंडळींना वस्तीवर बोलावलं. हुरडा हे निमित्त, खरा बेत आफ्रिका ऐकवायचा होता. कैलासनं दोन दिवस रजा टाकली आणि कांचन चिमीला घेऊन आठ दिवसांच्या मुक्कामाला आली. आल्या आल्या तिनं विहिरीचं झाकण पाहिलं, चुलीपुढं आडवी फळी लावली, फवारणीचे डबे उंच माळ्यावर टाकले. चिमी झोपली तरी कांचन तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. कैलास हसायचा. हसू दे. हसणाऱ्याला पोर सांभाळायचं नसतं.

वस्तीला लागूनच त्यांचा ऊस. बन्सी मुकादमाची टोळी तो तोडत होती, अर्धा फड मोकळा झाला होता, अर्धा उभा. शफीभाई ट्रॅक्टर लावून मोळ्या भरून घेत होता. इकडं लिंबाखाली शेणकुटांच्या आरात कणसं भाजली जात होती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, आणि मधोमध बूट घातलेल्या तेजूताई. "जंगलात पहिला नियम काय, तर घाबरायचं नाही. प्राण्याला आपलं प्रेम कळतं." शहरातली मंडळी हुरडा चघळत 'वॉव' म्हणत होती.

कांचन चिमीला कडेवर घेऊन बांधावर पाय मोकळे करायला गेली होती. म्हणून सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. पाण्याचा पाट वळण घेतो तिथं, करंजाच्या झुडपाशी, एक बाई तोडलेल्या उसाचे वाढे बाजूला करायला वाकली आणि किंचाळली, "वाघरू! अगं बाई, वाघरू!"

कोयते टाकून सगळी टोळी मागं सरली. वाढ्यांच्या खळग्यात मांजराएवढं एक पिल्लू होतं, ठिपक्याठिपक्यांचं. फिस्‌ करायचा प्रयत्न करत होतं आणि त्याचं त्यालाच जमत नव्हतं. बिबट्याचं पिल्लू सापडलं म्हणजे आई जवळपास असते हे गंगापूर तालुक्यात शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. पेपरात दरवर्षी येतं. बन्सीनं शिट्टी मारून माणसं गोळा केली आणि "आज काम बंद, कोयते घ्या अन् निघा," म्हणून टोळी आपल्या पाचटाच्या कोप्यांकडं नेली. शफीभाई तेवढा ट्रॅक्टरशी राहिला.

आणि ज्या बाजूनं सगळे पळत होते त्याच्या उलट्या बाजूनं तेजूताई धावत आल्या. "हटा, हटा, मी ट्रेन्ड आहे!" त्यांनी पिल्लू मानेला धरून उचललं, छातीशी घेतलं आणि एका मैत्रिणीला म्हणाल्या, "आधी व्हिडिओ घे."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. उभ्या उसाच्या तोंडाशी.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की उन्हं कलण्याआधी निघालेलं बरं. कैलास पाहुण्यांना गाडीतून शहरात सोडायला गेला. रजा संपली होती, म्हणून सकाळी ऑफिसात तोंड दाखवून दुपारी परत येणार होता. जाताना कांचननं त्याला गाडीच्या काचेशी गाठलं. "ते पिल्लू आधी जागेवर ठेवायला सांगा तुमच्या बहिणीला."

"अगं, तिला माहितीये ते. तिचं कामच ते."

गाडी गेली. वस्तीवर आता सासू-सासरे, नणंद, कांचन, चिमी आणि ते पिल्लू.

कांचन चिमीचं दूध करायला गेली तर बाटली जागेवर नव्हती. पडवीतल्या खोलीत तेजूताई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. पिल्लू चिमीच्या दुपट्यात गुंडाळलेलं, तोंडात चिमीची बाटली, बाटलीत चिमीच्या डब्यातलं दूध, आणि समोर फोन टेकवून ठेवलेला.

"श्श," तेजूताई म्हणाल्या. "लाइव्ह आहे."

कांचनच्या डोक्यात सणक गेली. ती मागच्या पावली अंगणात आली. तिच्या फोनमध्ये सर्पमित्राचा, ॲम्ब्युलन्सचा, वनखात्याचा, सगळ्यांचे नंबर भरलेले होते. तिनं वनखात्याला फोन लावला. तिकडून सांडू नावाचे वनरक्षक बोलले.

"ताई, पिल्लाला हात लावलाय का कुणी?"

"हात? मांडीवर घेऊन बाटलीनं पाजणं चाललंय."

"बरं. असू द्या. आम्ही निघतोच, पण पोचायला अंधार होईल. तुम्ही उजेड आहे तोवर जिथं सापडलं तिथंच ठेवा, वर कोंबड्यांचं डालगं पालथं घाला अन् लांब व्हा. घरात ठेवू नका, ताई. ती शोधत घरापर्यंत येती. आई हाय ती."

कांचननं पडवीकडं पाहिलं. वर पत्रा. दाराला एकच कडी, तीही ढिली. खिडकीला गज होते, पण त्या खिडकीखालीच चिमीची गोधडी अंथरलेली असायची, कारण दिवसा तिथं ऊन येतं. गाडी नव्हती. उन्हं लिंबाच्या शेंड्याला पोचली होती. पिल्लू उजेड असतानाच घराबाहेर गेलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट आता तिला दिसत होती.

ती सासूकडं गेली. "आत्याबाई, मामांना सांगा. पिल्लू परत ठेवावं लागंल. वनखात्यानं सांगितलं."

सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, हीही रीतच. आवडाबाईंनी तिथल्या तिथं मान वळवून बाजेवरच्या नवऱ्याला सांगितलं. बद्रीनाथांनी सगळं आधीच ऐकलं होतं, तरी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुनबाईला सांग, वनखात्याला काय कळतंय? पगारी माणसं ती. माझी पोरगी आफ्रिकेत ऱ्हाऊन आलीया."

"ते म्हनत्यात, तेजूला कळतं," आवडाबाई म्हणाल्या.

"ऐकलं मी, आत्याबाई. पण तिची आई हितं यील."

"कुणाची?"

"पिल्लाची!"

"आगं बाई," आवडाबाईंच्या तोंडाला पदर गेला. "आवं, ऐकलं का?"

"कायबी हुत नाय," बद्रीनाथ म्हणाले, पण पाय बाजेवर वर घेतले.

कांचननं चिमीला सासूच्या मांडीवर दिलं आणि पडवीतल्या खोलीचं दार ढकललं. या वेळी हळू नाही.

"तेजूताई, द्या ते इकडं. जागेवर ठेवून येऊ."

"वहिनी, प्लीज. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. त्याला आता माणसाचा वास लागलाय. आई त्याला घेणारच नाही. मारून टाकेल. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"सेंटरवर. तिथल्या लोकांनी."

"माझ्या पोरीला जन्मल्या जन्मल्या गावभरच्या बायांनी उचलली. वास बघून टाकून दिली का मी?"

"ते वेगळं. हा वाइल्ड ॲनिमल आहे."

"व्हय का? मग चिमीच्या दुपट्यात काय करतोय?"

तेजूताईंनी फोन बंद केला. एवढं खरं, की बाहेरच्यांसमोर भांडायला त्यांना आवडत नसे. "तुम्ही जेलस आहात वहिनी. राग मानू नका, पण आहात. चार भिंतींत पोर सांभाळायचं आणि सगळ्या जगाची भीती बाळगायची. मी बाहेर पडले, काहीतरी केलं. अनाथ पिल्लं वाढवली मी."

कांचन उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तिला ते फोटो आठवले. सगळे. तेजूताईंचे, त्यांच्या आधीच्या पोरींचे, नंतरच्या पोरींचे. घरी दहादा दाखवून झाले होते. बघण्यात कांचनचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं शांतपणे विचारलं,

"अनाथ? सगळीच?"

"हो. म्हणून तर सेंटर आहे."

"तुम्ही होतात तेव्हा बाटलीवरची पिल्लं होती. तुमच्याआधी ती लाल केसांची पोरगी होती, तिच्या फोटोतही बाटलीवरचीच. आता तुमच्यामागून गेल्यात त्यांच्याही मांडीवर एवढी-एवढीच. मग आधीची मोठी होऊन गेली कुठं? आणि दर महिन्याला इतक्या सिंहिणी मरतात कशानं? तिकडं काय पटकी आलीय?"

"शिकारी लोक..."

"तुम्ही पाहिली एखादी मेलेली? नाहीतर जिवंत? एक तरी आई पाहिली का तुम्ही, एवढे आठवडे राहून?"

पिल्लानं बाटली ओढली तशी तेजूताईंनी ती आणखी तिरकी केली. हाताला सवय झाली होती ना.

"मला वाटतं," कांचन म्हणाली, "तुमच्या सेंटरच्या भिंतीपलीकडंच असतील. तुम्हा पोरींना मांडीवर घ्यायला पिल्लं लागतात, म्हणून आईच्या अंगावरनं ओढून आणत असतील. आणि तुम्ही फुलं माळून आई व्हायला जाता."

"काहीही बोलू नका!"

"फोटोतला पांढऱ्या केसांचा तो तुमचा सेंटरवाला, त्याला विचारायचं तरी. आमच्या बन्सीनं एक पारडू विकायला आणलं तर आत्याबाई आधी म्हैस कुठाय ते विचारतात."

आणि तेव्हा उसातून आवाज आला. वाळल्या लाकडावर करवत ओढावी तसा. एकदा पुढं, एकदा मागं, पुन्हा पुढं. खोलवर ओढलेला, खरखरीत. गोठ्यात म्हशींनी एकदम दावी ताणली. वस्तीवरचं कुत्रं लाकडांच्या ढिगाखाली जे गेलं ते दिसेनासं झालं.

तेजूताईंच्या मांडीवरचं पिल्लू बाटली सोडून ताठ झालं आणि बारीक आवाजात ओरडू लागलं.

"हा... हा कसला आवाज?" तेजूताईंनी विचारलं.

दारात बद्रीनाथ उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी लेकीकडं पाहिलं, बुटांपासून वरपर्यंत, आणि म्हणाले, "तुला नाय म्हाईत व्हय?"

बाजारातला सगळा चहा त्या एका वाक्यात सांडला. पण कांचनला त्याची मजा घ्यायला वेळ नव्हता. ती रीतबीत विसरून सासऱ्यांकडं वळली. "मामा, कोंबड्यांचं डालगं काढा. शफीभाईंना हाक मारा, ट्रॅक्टर बांधालाच आहे. तुम्ही अन् आत्याबाई चिमीला घेऊन आतल्या खोलीत बसा अन् कडी लावा. खिडकीबी लावा."

"व्हय, व्हय," म्हणून बद्रीनाथ निघालेसुद्धा. सुनेनं हुकूम सोडला हे त्यांना अंगणात पोचल्यावर कळलं असेल, पण परत फिरले नाहीत.

कांचननं पिल्लू दुपट्यातून काढलं. तेजूताईंनी अडवलं नाही. हातात ते ऊबदार आणि जड लागलं. पोट चिमीच्या दुधानं टम्म झालेलं. नख्या मनगटात रुतल्या. तिनं त्याला गोणपाटात धरलं.

"चला," ती नणंदेला म्हणाली. "तुम्हीच उचललंत, तुम्हीच ठेवा."

"मला... वहिनी, जागा नक्की आठवत नाही. सगळा ऊस सारखाच दिसतो ना." तेजूताई पलंगाच्या कडेला चिकटून बसल्या होत्या. बूट जमिनीला टेकले होते, पण उठत नव्हते. "आणि बीपी लो झाल्यासारखं वाटतंय."

मग बूटवाल्या घरात राहिल्या आणि सपाता घातलेली उसाकडं निघाली.

शफीभाईनं ट्रॅक्टर चालू केला होता. "भाभी, मैं हेडलाइट मारके रखता. तुम्ही ठेवा अन् सीधा वर चढा. पीछे मत देखना. आपली बायको अमिना असती ना, तर मी तिला उतरूच दिलं नसतं."

"मग तुम्ही उतरा की, शफीभाई."

शफीभाई खाकरला. "ट्रॅक्टर कोण पकडंल मग? ब्रेक ढीला है."

पाटाचं वळण, करंजाचं झुडूप, वाढ्यांचा खळगा. जागा कांचनच्या डोळ्यांत होती. चिमीला कडेवर घेऊन ती कुठंही उभी राहिली तरी पळायच्या वाटा आणि धोक्याच्या जागा आपोआप पाहून ठेवायची. ती उतरली. उसाचं पान हललं की नाही ते तिला कळलं नाही, कारण तिनं तिकडं पाहिलंच नाही. पिल्लू खळग्यात ठेवलं, गोणपाट काढून घेतला, डालगं पालथं घातलं. पिल्लू आतून ओरडत होतं. आई म्हणून तिच्या मनात काही दाटून आलं असेल तर ते हेच, की आपण पिल्लाच्या आईच्या जागी असतो तर या सगळ्यांना एकेक करून फाडलं असतं, टाळ्या वाजवणाऱ्यांपासून सुरुवात करून.

ती वर चढली तेव्हा शफीभाई कलमा पुटपुटत होता. ब्रेक वगैरे काही ढिला नव्हता, ट्रॅक्टर जागच्या जागी वळला.

अंधार पडता पडता वनखात्याची जीप आली. सांडू आणि त्यांचा जोडीदार दुरून कॅमेरा लावून बांधापलीकडं बसले. घरात सगळे आतल्या खोलीत. तेजूताईंचा बीपी तोवर नॉर्मल झाला होता. भिंतीला टेकून फोनवर बोटं चालवता चालवता त्यांनी एकदा वर पाहिलं, "वहिनी, 'आज एका आईला तिचं बाळ परत दिलं' असं लिहू की 'मिळवून दिलं'?"

कांचननं चिमीला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

फटफटलं तेव्हा ती बाहेर आली. सांडू अंगणातच उभे होते. दमलेले, पण दाढीच्या खुंटांत हसू. "घेऊन गेली, ताई. डालगं उलथं केलं, तोंडात धरलं अन् गेली. वास-बीस काय बघत बसली नाय." मग त्यांचं हसू जरा उतरलं. "पण हिकडं या. हे बघा."

आतल्या खोलीच्या खिडकीखालच्या मऊ मातीत ठसे होते. वाटीएवढे, गोल, स्वच्छ. गोठ्याच्या बाजूनं आलेले, पडवीच्या दाराशी थांबलेले, मग भिंतीला लागून खिडकीपर्यंत. तिथं मातीत जास्त रुतलेले. बराच वेळ उभी राहिली होती. खिडकीच्या फळीवर बाहेरून दोन बारीक ओरखडे होते. मग ठसे वळून उसाकडं गेले होते.

"आधी हितं आली," सांडू हळू म्हणाले. "मग तिकडनं पिल्लाचा आवाज आला, तशी वळली."

कांचननं भिंतीला हात लावला. आतल्या बाजूला, त्याच भिंतीशी, चिमी आत्ता तोंडात अंगठा घालून झोपली होती. ती ठसे सोडून भिंतीशी खाली बसली. काल वेळ नव्हता.

"तुमचं मोजून, फोटो काढून झालं का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"झालं की. नोंद केली."

"मग मी अंगण झाडू?"

सांडूंनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. आत तेजूताईंचे बूट उंबऱ्याशी आडवे पडले होते आणि उशाला फोन चार्जिंगला लागलेला दिसत होता. त्यांनी कांचनकडं पाहिलं आणि म्हणाले, "झाडा. तुमचंच अंगण हाय."

तिनं खराटा घेतला आणि खिडकीपासून सुरुवात केली. ठसा न् ठसा पुसला, दारापुढचेही, गोठ्यापुढचेही. वरून शेणाचा सडा टाकला, दाट, पाची बोटांनी. घाईनं काही केलं नाही.

उन्हं वर आल्यावर तेजूताई डोळे चोळत पडवीत आल्या. "वहिनी, सांडू म्हणाले आई येऊन गेली? पायाचे ठसे वगैरे कुठं आहेत का? एक फोटो हवा होता, पोस्टला लोक विचारतायत."

कांचन बादलीत हात धूत होती.

"नाय बाई," ती म्हणाली. "मी तर सकाळपासून अंगणातच हाय."